चांगला पाय

१३ एप्रिल, रविवार

ही वही डिसेंबरात औषध कंपनीच्या माणसाने दिली होती. साडेतीन महिने कोरी पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. एकसष्ट वर्षांचा रेडिओलॉजिस्ट किंग्स्टनमधल्या एका दवाखान्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांची पित्ताशयं आणि मणके वाचतो, मग घरी जाऊन एकटा जेवतो. अशा माणसाने रोजनिशी लिहायची तरी कशाची? पण आज लिहितो, कारण आज माझं नवं काम पहिल्यांदाच एका खऱ्या धावपटूवर चाललं.

काम असं आहे. साधा एमआरआय स्नायूतली सूज दाखवतो. सूज ओसरली की चित्र स्वच्छ, डॉक्टर म्हणतो बरं झालं, आणि पोरगी धावायला उतरली की आठ दिवसांत पुन्हा तिथेच फाटतं. माझी पद्धत सुजेवर भागवत नाही, ती तंतू बघते. स्नायूतलं पाणी तंतूंच्या कडेकडेने सरकतं, सरीतून वाहावं तसं. तंतू तुटले की ते वाट फुटेल तिकडे पसरतं. पाणी किती सरळ चाललंय हे मशीन मोजतं आणि एक आकडा देतं. त्याला मी शिस्त म्हणतो. प्रत्येक शरीराची शिस्त वेगळी, म्हणून परक्याशी तुलना करायची नाही. त्याच माणसाचा चांगला पाय घ्यायचा, त्याला शंभर धरायचं आणि दुखरा पाय त्याच्या तुलनेत किती ते काढायचं. पंचाण्णवच्या वर गेला की धावायला मोकळा. तीन वर्षं घातली मी यात.

मशीन आठवडाभर पेशंटांचं, रविवारी दुपारी माझं. माझी टेक्निशियन मिस प्यूसी शनिवार पाळणाऱ्या चर्चची आहे. शनिवारी प्रत्यक्ष देव आला तरी ती मशीनला हात लावणार नाही, पण रविवारी कुरकुर न करता येते. म्हणजे कुरकुर करतेच, पण येते.

पेशंटचं नाव केरीन ब्लॅग्रोव्ह. वय सत्तावीस, चारशे मीटर धावते. आठ दिवसांपूर्वी सरावात उजव्या मांडीच्या मागे काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं. तिला घेऊन आला तिचा कोच लॅसेल्स व्हॉर्म्स. हा माझा शाळेतला सोबती, अजून मला बाकावरून ढकलल्यासारखाच बोलतो.

"मिनॉट, ऐक. जूनच्या शेवटी निवड चाचणी आहे. पहिल्या तिघी जागतिक स्पर्धेला जातात. मागच्या दोन्ही वेळी ही चौथी आली. चौथी! एकदा तर पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाने. आता वय बघ. या खेपेला नाही गेली तर पुढच्या वेळी माझ्याशेजारी बसून टीव्हीवर बघेल. तेव्हा तुझं ते जादूचं यंत्र चालव आणि सांग, पळवू की नको."

"यंत्र जादूचं नाही, व्हॉर्म्स."

"तेच तर म्हणतो. जादू असती तर तू कशाला लागला असतास?"

धावपटूंच्या राष्ट्रीय संघटनेनेही यंदा नियम केलाय, की दुखापत झालेल्या खेळाडूला स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच धावता येईल. म्हणजे शेवटी सही माझी.

केरीन अबोल आहे. फॉर्म भरताना 'पूर्वीच्या दुखापती' या रकान्यात तिने ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं. मग मिस प्यूसीने नेहमीप्रमाणे माशाच्या तेलाची एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली. ही गोळी आम्ही दुखऱ्या जागेवर चिकटवतो. चित्रात ती पांढऱ्या ठिपक्यासारखी उठून दिसते आणि कुठे बघायचं ते कळतं. मिस प्यूसी म्हणाली, "दुखतं तिथे धर, मी पट्टी लावते." पोरगी गोळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एकच देता?"

"मग काय, बाटली पिणारेस का?" मिस प्यूसी म्हणाली. आम्ही तिघं हसलो. पोरगी अबोल असली तरी विनोदी आहे. गोळी उजवीकडे लागली.

आजचा आकडा एकाहत्तर.

२० एप्रिल, ईस्टर

चर्चला गेलो नाही. दुपारी व्हॉर्म्स ईस्टरचा गोड बन आणि चीज घेऊन आला, एवढाच काय तो सण. गच्चीत बसून शाळेच्या गोष्टी निघाल्या. सतरा वर्षांचे असताना आंतरशालेय स्पर्धेत त्याची मांडी उपांत्य फेरीतच गेली होती. मास्तरांनी त्याला कोपऱ्यात नेलं आणि चिकटपट्टी गुंडाळायला सांगितली. गुंडाळली कोणी? मी. मी राखीव होतो, पाण्याच्या बाटल्या आणि पट्ट्या माझ्याकडे. वरून चड्डी ओढली आणि व्हॉर्म्स रिलेचा शेवटचा टप्पा धावला. आम्ही जिंकलो. नंतर तो बसमध्ये रडला आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

"शाळेचा रंग अंगावर असताना लंगडायचं नाही," व्हॉर्म्स म्हणाला. मास्तरांचा आवाज त्याला अजून हुबेहूब काढता येतो.

"आणि घरी सांगायचं नाही."

"घरी? अरे, आईला मेली तोवर ठाऊक नव्हतं!"

इतके हसलो की बनचा तुकडा घशात अडकला. या बेटावर शाळेसाठी दुखणं लपवलं नाही असा एक धावपटू दाखवा, मी माझी पदवी परत करतो.

तो गेल्यावर घर फार शांत झालं. भांडी तशीच ठेवून झोपलो.

२९ एप्रिल

शिकाऊ डॉक्टर ब्रिसेटला झापलं. मूत्रपिंड बघ म्हणून सांगितलं होतं, त्याने फक्त मूत्रपिंडच बघितलं. शेजारी यकृतात लिंबाएवढी गाठ होती, ती तशीच सोडून दिली. म्हटलं, "गाढवा, विचारलेल्या जागेचं उत्तर कोणीही देईल. आधी न विचारलेलं बघायचं, मग विचारलेलं." बिचारा पांढराफटक पडला. पण हे अंगात मुरायलाच हवं, नाहीतर माणसं मरतात.

११ मे, रविवार, मदर्स डे

केरीनचा दुसरा स्कॅन. चौऱ्याऐंशी! चार आठवड्यांत एकाहत्तरवरून इथवर. साध्या चित्रात अजून थोडी सूज आहे, दुसरा कोणी असता तर मान हलवून मोकळा झाला असता. माझा नकाशा सांगतो की तंतू पुन्हा रांगेत येताहेत. खुर्चीत बसल्या जागी टाळी वाजवली मी.

सोबत तिची मावशी आली होती, मिस आयसिल्डा. क्रिस्तियानाच्या डोंगरातून पहाटेच्या गाडीने आली, डोक्यावर जांभळी टोपी, हातात माझ्यासाठी सुरणाचा एवढा मोठा गड्डा. केरीनला हिनेच वाढवलं. आई परदेशी गेली ती गेलीच. बाई बोलायला लागली की थांबायचं नाव नाही.

"डॉक्टर, माझ्या पोरीला सोसायची सवयच आहे हो. सोळा वर्षांची होती, शाळेच्या स्पर्धेवरून आली आणि अख्खा उन्हाळा पाय चोळत बसले मी तिचा. बे रमचं झोंबरं औषध लावून. रोज रात्री! तोंडात उशी कोंबून रडायची, शेजारच्या मास्तरणीला ऐकू जाऊ नये म्हणून. मी विचारायची, काय गं झालं? तर म्हणे, वाढीचं दुखणं आहे, आंटी."

"आंटी, पुरे झालं," केरीन म्हणाली.

"का पुरे? डॉक्टरला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?"

बे रमने वाढीचं दुखणं जातं म्हणे! या देशात निम्मं औषधशास्त्र बाटलीतूनच चालतं. मी 'हो का, हो का' करत होतो, लक्ष पडद्यावर होतं. तंतूंचा नकाशा रंगीत येतो. उजव्या मांडीतला तुटका पट्टा आता निळा, म्हणजे सरळ, व्हायला लागलाय. फार सुंदर दिसतं ते.

१८ मे, रविवार

आज मिस प्यूसीशी वाजलं.

पनामाच्या परिषदेला निबंधाचा गोषवारा पाठवायची उद्या शेवटची तारीख. सहा पेशंट आहेत, त्यात केरीनचा नकाशा सगळ्यात देखणा. शीर्षक टाइप करत होतो, तर ही मागे येऊन उभी राहिली.

"डॉक्टर मिनॉट, हिच्या डाव्या पायाचा आकडा मला कमी वाटतो."

"कशावरून?"

"मशीन तपासायला मार्चमध्ये माझ्या भाचीचा पाय घेतला होता आपण, आणि स्वागतकक्षातल्या त्या पोरीचा. दोघींचा याहून बराच वर होता."

"मिस प्यूसी, तुमची भाची चर्चमध्ये गाते. ही पोरगी चारशे मीटर धावते. स्नायूच निराळा."

"निराळा म्हणजे वाईट असतो का? मला वाटलं, धावणारीचा चांगला असेल." आणि वर म्हणते, "चार धावणाऱ्या पोरी आणू या का? आमच्या चर्चच्या आहेत. एका रविवारात होईल."

मी चिडलो. म्हटलं, "पद्धत अशी आहे की प्रत्येकाची तुलना स्वतःशीच. जगभर असंच करतात. उगाच फाटे फोडू नका." तिने चष्मा काढून पुसला. तिचा राग असाच असतो. मग म्हणाली, "तुम्ही डॉक्टर, मी बटणं दाबणारी," आणि गेली.

गोषवारा पाठवला. पण नंतर बराच वेळ मन लागेना. रेडिओ लावला, बंद केला. एकट्या माणसाने रविवारी कोणाशी भांडू नये.

१ जून, रविवार

एक्याण्णव.

स्कॅनच्या मध्येच वीज गेली. जनरेटर लागेपर्यंत केरीन त्या बोगद्यात तशीच पडून. दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. ही बाहेर आल्यावर म्हणते, "थंड होतं. झोपले." माझ्यासाठी आंबे आणले होते, घरच्या झाडाचे, वर्तमानपत्रात गुंडाळून.

तिला पडद्यावर उजव्या पायाचा नकाशा दाखवला. मन लावून बघितला तिने. मग स्वतःच्या डाव्या मांडीवर बोट ठेवून म्हणाली, "आणि हा?"

"हा माझी मोजपट्टी आहे. याच्यावरून तुझा उजवा मोजतो."

"म्हणजे हा बरा आहे म्हणून?"

"अर्थात."

ती हसली. पहिल्यांदाच हसताना बघितलं तिला. पुढच्या दोन दातांत फट आहे, ती हसल्याशिवाय दिसत नाही. दारापाशी जाऊन म्हणाली, "डॉक्टर, मला वाटत होतं माझं आता संपलं. कोणाला बोलले नाही."

"संपायला काय झालंय?" मी म्हटलं. "चार आठवडे आहेत अजून."

घरी येऊन दोन आंबे उभ्यानेच खाल्ले, बेसिनवर वाकून. खूप वर्षांनी कोणीतरी माझ्यामुळे हसलं, असा विचार आला. म्हातारपणी माणूस किती थोडक्यात सुखावतो!

९ जून

पनामाचं पत्र आलं. गोषवारा स्वीकारला, मुख्य सभागृहात बारा मिनिटं बोलायचं आहे. सांगायला कोणी नव्हतं म्हणून मिस प्यूसीला सांगितलं. ती म्हणाली, "देव करो आणि सगळं नीट होवो." अभिनंदन काही म्हणाली नाही.

२२ जून, रविवार

सत्त्याण्णव.

दोनदा मोजलं. सत्त्याण्णवच. संघटनेच्या छापील कागदावर लिहिलं: उजवी मांडी पूर्ण भरून आली आहे, धावण्यास हरकत नाही. खाली सही, डॉ. कार्लाइल मिनॉट.

व्हॉर्म्सने मला उचललंच. "अरे, सोड! माझे मणके कोण वाचणार?" म्हणून ओरडलो. केरीनने कागद हातात घेऊन वाचला, पुन्हा वाचला, मग घडी करून चोळीत खुपसला. म्हणाली, "मशीनमध्ये तर दोन्ही पाय होते ना, डॉक्टर?"

"दोन्ही होते."

"मग आता भ्यायचं कारण नाही."

"अजिबात नाही."

मिस प्यूसी मशीन बंद करत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

२८ जून, शनिवार

लिहिलं नाही तर झोप येणार नाही. लिहिलं तरी येणार नाही.

स्टेडियम गच्च भरलेलं. मी वरच्या रांगेत, शेजारी मिस आयसिल्डा, तीच जांभळी टोपी. तिला उन्हाने घाम फुटलेला, पण टोपी काढेना. केरीन पाचव्या पट्टीत. पहिले दोनशे मीटर ती जणू फिरायलाच निघालीय इतकी सैल. तिसऱ्या शंभरात तिने दोघींना मागे टाकलं. वळण संपून सरळ रस्ता लागला तेव्हा ती दुसरी होती. दुसरी! मिस आयसिल्डाने माझा दंड धरला. नखं रुतली. मी उभा राहून ओरडत होतो, मी, जो कधी ओरडत नाही.

साठ मीटर उरले होते. तिचा हात मागे गेला.

डावीकडे.

मला वाटलं, मी उलटं बघतोय. इतकी वर्षं चित्रात डावं ते उजवं बघायची सवय, म्हणून डोकं फिरलं. मी अक्षरशः माझ्या स्वतःच्या मांडीला हात लावून बघितला. तोवर ती पडली होती. बाकीच्या सात जणी रेषेपार गेल्या. स्टेडियमचा आवाज एकदम खाली बसला.

स्ट्रेचर आलं. ती चढेना. उठली, डावा पाय वर धरला आणि उजव्या पायावर उड्या मारत निघाली. साठ मीटर. मध्ये दोनदा थांबली. लोक टाळ्या वाजवत होते, मला त्या टाळ्या थोबाडीत बसल्यासारख्या वाटल्या. रेषा ओलांडली आणि मग स्ट्रेचरवर बसली. तेव्हाही रडली नाही.

मिस आयसिल्डा एवढंच म्हणाली, "तोच पाय." मी विचारलं, "कोणता तोच?" पण ती खाली पळत सुटली होती, टोपी बाकावर विसरून. टोपी माझ्याकडे आहे. समोर टेबलावर ठेवलीय.

२९ जून, रविवार

शांतपणे विचार केला. उजवा पाय टिकला. हे कोणी लक्षात घेत नाहीये. ज्या पायाची हमी मी दिली तो पाय चारशेतले तीनशे चाळीस मीटर पूर्ण वेगात धावला आणि वर साठ मीटर तिचा सगळा भार घेऊन उड्या मारत गेला. त्याला काहीही झालेलं नाही. म्हणजे माझा आकडा खरा ठरला. पद्धत खरी ठरली. डावीकडे जे झालं ती निराळी, नवी दुखापत. अकरा आठवडे एका पायाला जपताना दुसऱ्यावर ताण आला असेल. कोचचा दोष म्हणायला हवा, सराव कसा घेतला कोण जाणे.

व्हॉर्म्सला फोन करून हेच समजावलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मिनॉट, सर्जन म्हणतो, स्नायू हाडापासून सुटलाय. तिथे जुना व्रण होता म्हणतो. हाताला लागतो म्हणे, दोरीसारखा." "ती पुन्हा धावणार नाही. तू मला आकडे सांगतोयस."

"माझा आकडा उजव्याचा होता, लॅसेल्स."

त्याने फोन ठेवला. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने उलट टोमणा न मारता फोन ठेवला.

२ जुलै, बुधवार

आज दवाखाना संपल्यावर १३ एप्रिलचा स्कॅन उघडला. डावा पाय.

खरं सांगायचं तर मी तो कधी उघडलाच नव्हता. चार स्कॅन झाले, चारही वेळा मशीनकडून डाव्याचा फक्त आकडा घेतला. प्रोग्राम आपोआप चौकट आखतो, सरासरी काढतो, खालच्या रकान्यात टाकतो. मी तो रकाना भागाकारासाठी वापरला. चित्र उघडायला दोन बटणं लागतात. मी ती दाबली नाहीत.

आज दाबली. वर, हाडाजवळ, बोटभर लांबीचा काळा पट्टा. जुना. दहा-अकरा वर्षांचा तरी. त्याच्या आजूबाजूला सगळा रंग विस्कटलेला, एकही तंतू धड रांगेत नाही. नकाशा तर सोडाच, साध्या चित्रातसुद्धा दिसतो. ब्रिसेटला दिसला असता. मिस प्यूसीच्या भाचीला दिसला असता!

भाचीचा मार्चमधला आकडा काढला, स्वागतकक्षातल्या पोरीचा काढला. त्यांना शंभर धरलं तर केरीनचा 'चांगला' पाय एकोणऐंशी. म्हणजे जूनमधला तिचा उजवा, ज्यावर मी सही केली, तो जेमतेम सत्त्याहत्तर. मी एक मोडकी वस्तू दुसऱ्या मोडक्या वस्तूशी लावून बघितली आणि दोन्ही जुळल्या म्हणून टाळ्या पिटल्या.

आणि मला काय काय सांगितलं होतं या लोकांनी! ही वही मागे उलटून बघितली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. बे रम. एकच गोळी. "आणि हा?" ईस्टरला बन खात मी स्वतः लिहिलंय, की एक धावपटू दाखवा, पदवी परत करतो. मला माझीच लाज वाटते. लाज हा शब्दही फार सोयीचा वाटतो.

मिस प्यूसी निघताना दारात थांबली. पडदा तिला दिसत होता. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतंत."

"एकदाच सांगितलं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. मला राग आला होता तुमचा."

मग आत येऊन तिने खोलीचा दिवा लावला आणि माझ्या शेजारी बसली.

५ जुलै, शनिवार

पनामाला कळवलं, निबंध मागे घेतो. कारण विचारलं तर काय लिहायचं ते दोन दिवस सुचत नव्हतं. शेवटी लिहिलं की निरोगी म्हणून धरलेला पाय तपासला नव्हता. संघटनेलाही पत्र टाकलं, त्यात सगळं लिहिलं. ते करतील ते करोत.

उद्या केरीन येणार आहे. शस्त्रक्रियेआधी सर्जनला स्कॅन हवाय. दुसऱ्या कोणाकडे पाठवा म्हणून मी दोनदा फोन उचलला आणि ठेवला. व्हॉर्म्स म्हणाला, तिनेच तुझं नाव सांगितलं.

६ जुलै, रविवार

कुबड्या घेऊन आली. सोबत मिस आयसिल्डा, उघड्या डोक्याने. मी टोपी परत दिली. बाईने ती घेतली, माझ्याकडे न बघता.

मी मनात भाषण तयार केलं होतं. ते काही जमलं नाही. केरीनला पडद्यासमोर बसवलं आणि डाव्या पायाचं चित्र उघडलं. तो काळा पट्टा दाखवला. ती पुढे वाकून बघत राहिली.

"हे आत्ताचं?"

"नाही. एप्रिलचं."

"पहिल्या दिवशीचं?"

"हो."

"म्हणजे मी आले तेव्हापासून हे तुमच्याकडे होतं."

"होतं. मी उघडून बघितलं नाही. तुझा उजवा मोजायला हा पाय वापरला, याच्याकडे बघितलं नाही. चूक तुझी नाही, कोचची नाही. माझी आहे."

मिस आयसिल्डाच्या तोंडून बारीकसा आवाज आला. केरीनने तिचा हात धरला. मग म्हणाली, अगदी सावकाश, जणू मलाच समजावत होती, "सोळाव्या वर्षी फाटला होता. मास्तर म्हणाले, कोणाला बोलायचं नाही, शाळेचं नाव जाईल. मी नाही बोलले. नंतर सवयच झाली. फॉर्म आला की नाही लिहायचं. पण त्या दिवशी या मशीनमध्ये जाताना मला वाटलं, बरं झालं, आता मला सांगायची गरजच नाही. यांनाच दिसेल."

तिने पडद्यावरच्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"मग तुम्ही म्हणालात, हा बरा आहे. दरवर्षी थंडीत दुखायचा हो तो. मी म्हटलं, मशीनला दिसत नाही म्हणजे माझ्या मनाचाच खेळ असेल. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या पायावर पूर्ण जोर टाकून धावले, डॉक्टर. त्या साठ मीटरच्या आधी. फार मस्त वाटलं."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली आणि रडलो, पेशंटसमोर, तिच्या मावशीसमोर. कोणीही 'असू द्या' म्हणालं नाही. म्हणायला नकोच होतं.

मिस प्यूसीने काम सुरू केलं. या खेपेला काही न विचारता तिने केरीनच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. केरीनने त्या स्वतःच चिकटवल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. मग फॉर्म. नाव, वय, वजन. पूर्वीच्या दुखापती: तिने दोन्ही पाय लिहिले, वर्षांसकट. खाली माझ्याच पद्धतीचा रकाना आहे, तीन वर्षांपूर्वी मीच छापून घेतलेला: 'तुलनेसाठी चांगला पाय'. पुढे उजवा आणि डावा अशा दोन चौकटी.

मिस प्यूसीचं पेन तिथे थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा केरीनने तिच्या हातातून पेन घेतलं, दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि शेजारी लिहिलं, 'नाही'. एप्रिलमध्ये लिहिलं होतं त्याच ठसठशीत अक्षरात. मग कुबड्या मावशीकडे देऊन ती मशीनवर आडवी झाली.